अडखळणाऱ्या पात्रास सूत्रधाराचा आधार

दुसऱ्याचे सोंग घ्यावे आणि त्याच्या तोंडचे भाषण कोणत्याही लेखी संहितेवाचून, आयत्या वेळी स्वतः रचून बोलावे, ही कला दिसते तितकी सोपी नाही. वेष चढतो, रंग लागतो. पण ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. अशा बुजऱ्या पात्रास बोलते कसे करावे, हा प्रश्न मराठी रंगभूमीपुढे तिच्या जन्मापासूनच उभा होता. तिने शोधलेली उत्तरे आज आदिलाबादकडील मराठी घरांनाही उपयोगी पडतील, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ १८४२ मध्ये सांगलीस झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' हे नाटक रंगभूमीवर आणले. या नाटकांची घडण लक्षात घेणे अगत्याचे आहे. कथेचा सारा भार सूत्रधाराच्या पदांवर असे. कोण आले, कशासाठी आले, आता काय घडणार, हे तो साथीदारांसह गाऊन सांगे. पद संपले की पात्राने त्या अर्थाला धरून आपल्या शब्दांत थोडेसे बोलावयाचे. म्हणजे पात्राला बोलण्याचा विषय आधीच मिळालेला असे. उरत ते केवळ शब्द. राक्षस पार्ट्यांचे काम तर आरोळीवरही भागे. त्या आरोळीवरूनच पुढे या नाटकांना 'अलल्डुर्र' असे उपहासाचे नाव पडले. उपहास बाजूस ठेवला, तर ज्याला वाक्य जमत नाही त्यालाही रंगभूमीवर जागा होती, एवढे त्यातून खचित दिसते.

सिंधुदुर्ग आणि गोमंतकातील दशावतारात ही रीत आजही जिवंत आहे. तेथे परंपरेने लेखी संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो आणि संवाद रंगमंचावरच घडतात. नवखा नट थबकला तर समोरचा जाणता नट त्याच्या वतीने बोलून टाकीत नाही. तो प्रश्न विचारतो : "आपण कोण? कोणाच्या आज्ञेने येथे आलात?" उत्तर देता देता नवख्याची जीभ सैल होते. तमाशातील सोंगाड्याही राजाला वेडेवाकडे प्रश्न विचारून बतावणी पुढे नेतो. प्रश्नाने वाट दाखविली जाते. चालावयाचे मात्र ज्याचे त्यानेच.

पुढे विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक १८६१ मध्ये आले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. नाटक 'बुकिश' झाले, संहिता पक्की झाली. भाषेला सौष्ठव आले, हा लाभ मोठाच. परंतु अडलेल्या नटाच्या साहाय्यास आता विंगेतला प्रॉम्प्टर आला. तो तयार शब्द पुरवितो. लिखित नाटकास हे योग्यच आहे. मात्र त्यामुळे स्वतःचे बोलणे रचण्याची सवय लागत नाही.

गंमत अशी की हीच अडचण सातासमुद्रापार नव्या रूपात प्रकटली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे योद्धा, मांत्रिक अशी पात्रे होऊन त्यात वावरतात. येथेही कोणी ना कोणी लाजतोच. जाणता सूत्रधार मग त्यास "माझा योद्धा पहारेकऱ्याची विनवणी करतो" असे नुसते सांगू देतो. पुढे तो पहारेकरी होऊन विचारतो, "तुला आत का सोडू?" वर्णनातून संवादाकडे जाण्याची ही पायरी विष्णुदासांच्या पद्धतीपासून फार दूर नाही.

आता आपल्याकडे वळू. १९५६ मध्ये भाषावार पुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र असला, तरी आपल्या कित्येक घरांतील नातवंडांची शाळा तेलुगू वा इंग्रजी आहे. त्यांना मराठी कळते, पण बोलताना ती कचरतात. उत्सवात नाटुकले बसवावयाचे झाले की आपण त्यांच्या हाती पाठ केलेली वाक्ये देतो. टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी वाक्ये विसरली जातात.

त्याऐवजी जुनी रीत करून पाहावी. आजोबांनी सूत्रधार व्हावे, ओळखीची कथा सांगावी आणि मुलाला एक पात्र द्यावे. त्या पात्राला काय हवे आहे, एवढेच आधी सांगावे. प्रारंभी "तो म्हणतो की..." असे बोलले तरी चालवून घ्यावे. मग त्याच्यासमोर दुसरे पात्र होऊन साधा प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. मध्ये तेलुगू शब्द आला तर खेळ थांबवून दुरुस्ती करू नये. आपल्या पुढच्या वाक्यात योग्य मराठी शब्द सहज वापरावा. दोन मुलांना एकत्र, राम-लक्ष्मणासारखे, उभे केल्यास एकमेकांचा धीर येतो.

पाठांतराने एक प्रयोग निभावतो. परंतु आपले म्हणणे मराठीत रचून बोलण्याची सवय लागली, तरच ही भाषा पुढच्या पिढीच्या घरात राहील. ते काम सभागृहाची वाट न पाहता ओसरीवरही सुरू करता येईल.