कटआउट: जुन्या गाडीतला ‘इफ’

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातली तिची फियाट पुढे ‘पद्मिनी’ झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली.

बडनेऱ्यात आमच्या मोठेबाबांकडे त्याच काळातली, दुसऱ्या बनावटीची गाडी आहे. बॅटरी रातोरात उतरायची, म्हणून ती भंगारात निघाली होती.

गावातल्या म्हाताऱ्या वायरमनने बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडला. सगळं बंद, तरी दिवा पेटला. म्हणजे करंट झिरपतोय. एकेक फ्यूज काढला. ज्याने दिवा विझेल, दोष त्याच्या सर्किटात. विझलाच नाही. मग डायनामोची वायर काढली, आणि दिवा विझला.

डायनामो थांबला की कटआउटने बॅटरी तोडायची असते. मी सॉफ्टवेअरवाला, माझ्या भाषेत हा साधा ‘इफ’. त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होते. 1960 च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून अल्टरनेटर रुळला. त्यातले डायोड करंट उलटा जाऊच देत नाहीत.

पॉइंट पॉलिश पेपरने घासले. दुसऱ्या दिवशी सेल्फ एका झटक्यात लागला. अशा वायरमनकडून हे शिकून घ्या. पुढे गाडी उरेल, शिकवणारा उरणार नाही.