लिओनार्दोचे आवेदनपत्र : एका मसुद्याचे संस्करण

नोकरीसाठी स्वतःच्या योग्यतेचा तपशील लिहावयाचा, तो पुनःपुन्हा तपासावयाचा आणि मगच धन्यापुढे ठेवावयाचा, ही रीत अर्वाचीन कचेऱ्यांबरोबर आली असा समज सर्वत्र आढळतो. मराठीने हा व्यवहार ज्या शब्दांनी व्यक्त केला ते मात्र जुने आहेत. ‘अर्ज’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘पुढे मांडणे’ हा अर्थ आहे. ‘उमेदवार’ म्हणजे फारसीत आशा बाळगणारा. आशा आणि मांडणी यांचा हा संबंध पंधराव्या शतकातील एका इटालियन कागदावर फार स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

हा कागद म्हणजे लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला उद्देशून सिद्ध केलेल्या पत्राचा मसुदा होय. मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयातील ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहात तो जतन झाला आहे. त्याच्यावर तारीख नाही. अभ्यासक त्याचा काळ सामान्यतः १४८२ च्या सुमाराचा मानतात. पत्र प्रत्यक्ष धाडले गेल्याचा पुरावा नाही. विशेष हे की, मसुद्याचे अक्षर लिओनार्दोचे नव्हे. तो डावखुरा असून आपली टिपणे उजवीकडून डावीकडे, आरशातील प्रतिबिंबासारखी लिहीत असे. दरबारात जावयाच्या मजकुरासाठी त्याने दुसऱ्या कोणाच्या तरी लेखणीचे साहाय्य घेतले असावे, असे यावरून अनुमान निघते.

मसुद्यावर फेरविचाराची खूणही आहे. त्यात दहा क्रमांकित कलमे आहेत. परंतु समुद्रावरील युद्धासंबंधीचे कलम चौथ्याच्या पाठोपाठ लिहिलेले असून त्याला क्रमांक मात्र ९ दिलेला आहे. म्हणजे मजकूर एका क्रमाने उतरला आणि पुढे तो क्रम बदलण्यात आला. मिलान हे समुद्रापासून दूर असलेले नगर. तेथील धन्यापुढे पूल, खंदक, सुरुंग आणि तोफा यांना अग्रस्थान देऊन नौकायुद्ध मागे सारणे सयुक्तिक होते.

निवडीचे तत्त्वही हेच आहे. १४५२ मध्ये जन्मलेला लिओनार्दो त्या वेळी तिशीत होता आणि फ्लॉरेन्समध्ये त्याची ख्याती होती ती चित्रकार म्हणून. तरीही नऊ कलमे युद्धाला वाहिलेली आहेत. वास्तुकला, कालवे, शिल्प व चित्रकला ही सर्व शांततेच्या काळातील कामे म्हणून दहाव्या कलमात येतात, आणि त्यांतही चित्रकला शेवटी. लुदोविकोचा पिता फ्रांचेस्को हा भाडोत्री सेनेचा सेनापती. त्याने १४५० मध्ये मिलानची सत्ता मिळविली होती. १४८२ ते १४८४ या काळात व्हेनिसविरुद्ध झालेल्या फेराराच्या युद्धात मिलानही उतरले होते. अर्जाचा क्रम उमेदवाराच्या कर्तृत्वावरून ठरलेला नसून धन्याच्या चिंतेवरून ठरलेला आहे.

भाषिक दृष्टीने पाहता या मसुद्यातील क्रियापदांचे काळ लक्षणीय ठरतात. ‘मी केले’ अशी रचना करून कोणतेही पूर्ण झालेले काम येथे सांगितलेले नाही. गुरू व्हेरोक्क्योचाही उल्लेख नाही. ‘माझ्याजवळ आहे’, ‘मला ठाऊक आहे’, ‘मी करीन’ अशी वर्तमान व भविष्यकालीन विधाने, आणि ‘अमुक प्रसंग आला तर’ असे संकेतार्थी उपवाक्य, यांवर सारी मांडणी उभी आहे. आजच्या परिचयपत्राचा कणा भूतकाळ आहे. याचा भविष्यकाळ आहे. लष्करी यंत्रांचा प्रत्यक्ष अनुभव नसणाऱ्या मनुष्याला दुसरा मार्गही नव्हता.

मग हे संस्करण म्हणजे केवळ बढाई समजावी काय? या प्रश्नाचे उत्तर पत्राच्या अखेरीस मिळते. यांपैकी काही कोणास अशक्य वाटल्यास धन्याच्या उद्यानात किंवा तो सांगेल त्या ठिकाणी प्रयोग करून दाखविण्याची तयारी लिओनार्दो दर्शवितो. भूतकाळाचा आधार नसलेल्या विधानांना त्याने परीक्षेचे तारण दिले. मजकूर घासूनपुसून लखलखीत करणे आणि खोटे नाणे चालविणे यांतील सीमारेषा नेमकी येथे आहे.

पुढील इतिहास काहीसा विलक्षण आहे. पत्रात फ्रांचेस्कोच्या स्मरणार्थ कांस्याचा अश्व घडविण्याची इच्छा व्यक्त झाली होती. ते काम पुढे लिओनार्दोकडे आले व १४९३ मध्ये मातीचा प्रचंड नमुना लोकांना पाहावयास मिळाला; परंतु १४९४ मध्ये अश्वासाठी जमविलेले कांस्य तोफांसाठी फेराराला गेले. १४९९ मध्ये फ्रेंचांनी मिलान घेतले, तेव्हा त्यांच्या धनुर्धरांनी त्या नमुन्यावर नेमबाजी केली असे सांगतात. युद्धाच्या कलमांना त्याने दिलेले अग्रस्थान काळानेच असे खरे केले. लष्करी अभियंता म्हणून त्याची अधिकृत नियुक्ती १५०२ मध्ये झाली, आणि तीही चेझारे बोर्जाच्या पदरी. मिलानमध्ये त्याने जे चिरंतन काम केले ते ‘अंतिम भोजन’ हे भित्तिचित्र. अर्जात ज्या विद्येला त्याने सर्वांत शेवटी बसविले होते, तिचेच ते फळ.