कांद्याचं शेड, उसाचा फड, अंगणवाडी : बाईच्या कामाची प्रत्येक जागा कायद्यात येते, 'पॉश'चं प्रशिक्षण गावातही हवं

अहिल्यानगर : कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा देशात ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. लोक त्याला 'पॉश' कायदा म्हणतात. आपल्याकडं बहुतेकांना वाटतं, की हा कायदा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी आहे. पण खुरपणीला जाणारी बाई, कांदा निवडणारी टोळी, ऊसतोडीची कोयत्यावरची बाई, अंगणवाडी सेविका, आशाताई, सुपा किंवा नागापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडं काम करणारी मुलगी, या सगळ्या त्यात येतात. हे माहीत नसल्यामुळं तक्रार होत नाही, आणि तक्रारीची मुदत तेवढी निघून जाते. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहोत. जपून ठेवावी, गटावर पाठवावी.

कायदा आला तोच एका खेड्यातल्या बाईमुळं

राजस्थानात भटेरी नावाचं गाव आहे. तिथल्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करायच्या. आपल्या आशाताईंसारखंच, थोड्या मानधनावर गावोगाव फिरायचं काम. १९९२ साली त्यांनी गावातला एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला. त्याचा राग धरून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं.

काम सरकारचं, पण त्या कामामुळं बाईवर प्रसंग आला तर जबाबदारी कुणाची? हा प्रश्न घेऊन 'विशाखा' आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयानं निकाल दिला आणि मालकानं काय करायचं याचे नियम घालून दिले. त्यालाच 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात.

नियम आले, पण समित्या होईनात. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून हे कळवलं. त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी निकाल देताना न्यायालयानं अंमलबजावणीतली ढिलाई दाखवून दिली. पुढच्या वर्षी कायदा झाला.

त्यानंतरही हेच झालं. गोव्यातल्या एका प्रकरणात (ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य) सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये पुन्हा कान टोचावे लागले. ३ डिसेंबर २०२४ च्या आदेशात तर तारखाच दिल्या : प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत नेमा, स्थानिक समिती ३१ जानेवारी २०२५ पर्यंत करा, तालुक्याला समन्वय अधिकारी नेमा. म्हणजे कायदा होऊन अकरा वर्षं झाली तरी गावापर्यंतचा रस्ता न्यायालयालाच करावा लागत होता.

छळ कशाला म्हणायचं?

कायद्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत. बाईला नको असताना :

१. अंगाला हात लावणं, अंगचटीला येणं.
२. शरीरसुखाची मागणी करणं, मग ती उघड असो की आडून.
३. अश्लील बोलणं, दुहेरी अर्थाचे विनोद, शरीरावरून शेरे.
४. अश्लील फोटो, व्हिडिओ दाखवणं. मोबाइलवर पाठवणंही यात येतं.
५. लैंगिक हेतूचं इतर कोणतंही नकोसं वागणं, बोलून, खुणेनं किंवा नजरेनं.

यात 'नको असताना' हा शब्द महत्त्वाचा आहे. 'मी तर गंमत केली' हे उत्तर चालत नाही. करणाऱ्याच्या मनात काय होतं यापेक्षा बाईला ते नको होतं का, हे पाहिलं जातं. 'ऐकलंस तर हजेरी जास्त लावतो', 'नाही ऐकलं तर उद्यापासून येऊ नको' अशी लालूच किंवा धमकी सोबत असेल, तर तोही छळच.

कामाची जागा म्हणजे फक्त चार भिंती नव्हेत. कामानिमित्त बाई जिथं जाईल ती जागा, मालकानं ने-आण करायला दिलेली गाडी, घरकाम करत असेल तर ते घर, हे सगळं कामाचं ठिकाण आहे. रोजंदारी, कंत्राटी, ठेकेदारामार्फत, शिकाऊ, मानधनावर, एवढंच काय बिनपगारी काम करणारी बाईसुद्धा कायद्याच्या संरक्षणात आहे.

शेतकरीही मालक असतो

हे मला स्वतःला उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी कांदा काढणीला आमच्याकडं आठ बायकांची टोळी होती. काम दोन दिवसांचं बाकी असताना त्यातल्या दोघी यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, कुणी तरी जास्त रोज दिला असेल. घरच्यांनी विचारलं तेव्हा कळलं, की त्यांना आणणाऱ्या पिकअपचा ड्रायव्हर पुढं बसवायचा आग्रह करायचा आणि वाटेत नको ते बोलायचा. मी गाडी बदलली आणि विषय संपला असं समजलो. त्या दोघींचे दोन दिवसांचे रोज बुडाले, त्या ड्रायव्हरचं काहीच बिघडलं नाही. गाडी मी ठरवली होती, म्हणजे जबाबदारी माझीच होती. 'मालक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कारखानदार येतो. पण चार बायका रोजानं लावणारा शेतकरीही त्यांच्यासाठी मालकच असतो.

तक्रार कुठं करायची?

दहा किंवा जास्त कामगार असतील तर : त्या ठिकाणी 'अंतर्गत समिती' असणं बंधनकारक आहे. कारखाना, दूध संघ, पतसंस्था, शाळा, दवाखाना, पॅकहाउस, सरकारी कार्यालय, कुणालाही सूट नाही. अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा हवा. समिती केली नाही तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा तीच चूक केली तर दंड दुप्पट, परवानाही जाऊ शकतो.

दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल तर : जिल्ह्याच्या 'स्थानिक समिती'कडं जायचं. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या महिलांसाठी हाच मार्ग. नगरला जाणं जमत नसेल तर तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याकडं तक्रार द्या. त्यानं ती सात दिवसांत समितीकडं पाठवायची असते. माहितीसाठी जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय किंवा तहसील कार्यालयात विचारा. केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही तक्रार करता येते.

मुदत : घटनेपासून तीन महिने. प्रकार वारंवार झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. अडचण खरी असेल तर समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांनी हे नीट लक्षात घ्यावं. दिवाळीनंतर फडात झालेला प्रकार 'गावी गेल्यावर बघू' म्हणून ठेवला, तर पट्टा पडून कोपी मोडेपर्यंत मुदत संपलेली असते. शिवाय ज्या जिल्ह्यात काम चालू आहे, त्या जिल्ह्याची समिती तक्रार घेते. उचल घेतली आहे म्हणून मुकादमाला किंवा दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावायचा हक्क मिळत नाही. उचलीचा हिशेब वेगळा, हा गुन्हा वेगळा.

तक्रार लेखी द्यावी लागते, सहा प्रतींत. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची आहे. तारीख, जागा, काय झालं, कोण होतं, एवढं साधं लिहा. मेसेज, कॉलची नोंद पुसू नका. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. तेवढ्या काळात बाईला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. भरपाईचा आदेश झाला आणि पैसे भरले नाहीत, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते.

आपसात मिटवण्याबद्दल : गावात लगेच 'मिटवून घ्या' सुरू होतं. कायद्यात समेट आहे, पण चौकशी सुरू होण्याआधी, समितीमार्फत आणि फक्त बाईनं स्वतः मागणी केली तरच. पैसे देऊन समेट करता येत नाही.

खोट्या तक्रारीबद्दल : जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं चौकशीत सिद्ध झालं तर कारवाई आहे. पण नुसता पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

नाव : तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदार यांची नावं जाहीर करायला मनाई आहे. बातमीदारालाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणाऱ्यालाही.

पोलिसांत जायचा रस्ता वेगळा खुला आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार लैंगिक छळाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घटना कुठल्याही हद्दीतली असो, जवळच्या ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो कायदा लागतो.

प्रशिक्षणानं काय होतं?

ठरावीक काळानं जनजागृती कार्यशाळा घेणं आणि समिती सदस्यांना प्रशिक्षण देणं, ही कायद्यानं मालकावर टाकलेली जबाबदारी आहे. पण अनेक ठिकाणी सह्यांचा कागद आणि ग्रुप फोटो एवढ्यावर ते उरकलं जातं. नीट घेतलं तर त्याचे तीन फायदे आहेत.

पहिला, बाईला शब्द मिळतो. जे चाललंय ते 'आपलं नशीब' नाही, कायद्यानं छळ आहे, हे कळतं. दुसरा, पुरुषांना रेघ कळते. ड्रायव्हर, मुकादम, सुपरवायझर, ट्रॅक्टरवाला यांना कामाआधीच सांगितलं, की असं बोललास तर काम जाईल, तर बरेच जण जागेवर राहतात. आणि बाजूला उभा असलेला गप्प बसत नाही. तिसरा, समितीला काम जमतं. 'तू एकटी का गेलीस?', 'आधी का नाही बोललीस?' असले प्रश्न शिकलेल्या समितीनं विचारायचे नसतात. पहिल्याच भेटीत बाई घाबरली तर पुढं तक्रार राहतच नाही.

गावात हे करायला मोठा खर्च लागत नाही. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावीच लागते. त्यातली एक, हंगाम सुरू व्हायच्या आधी, या विषयाला द्यावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं कायदेविषयक शिबिराची मागणी करता येते. कारखान्यानं मुकादमांशी करार करताना तासभर हा विषय घ्यावा. शेतकरी कंपन्यांनी शेडच्या भिंतीवर समितीची माहिती लावावी, तीही मराठीत आणि मोठ्या अक्षरात. आणि पुरुषांची बैठक वेगळी घ्यावी, कारण वागणं तिथंच बदलायचं आहे.

नुसत्या प्रशिक्षणानं छळ थांबणार नाही. मागं समिती जागी हवी. पण समिती आहे हेच कुणाला माहीत नसेल, तर ती कागदावरच राहते.

हे नंबर लिहून ठेवा

तातडीची मदत, पोलीस : ११२
महिला हेल्पलाइन : १८१
मोफत कायदेशीर मदत : १५१०० (महिलांना उत्पन्नाची अट नाही)

येत्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा : आपल्या तालुक्याचा समन्वय अधिकारी कोण? नाव आणि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घ्या. टोळी कामाला निघायच्या आधी प्रत्येक बाईच्या मोबाइलमध्ये तो नंबर असू द्या.