एक अमेरिकन, चौतीस भारतीय

हवामानबदलावरील माहितीपटांचा इतिहास सांगताना पुरस्कारांची यादी आधी येते. या माहितीपटांना भारतीयांनी पडद्यावरच दिलेली उत्तरे मात्र मागे राहतात. लाखनीसारख्या धानपट्ट्यातील वाचकाला तीच उत्तरे अधिक जवळची आहेत.

पहिला मोठा टप्पा 2006 चा. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा ‘ॲन इन्कन्व्हीनिअंट ट्रुथ’ त्या वर्षी प्रदर्शित झाला आणि 2007 मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हा माहितीपट शाळांत दाखवावा का, हा वाद लंडनच्या न्यायालयात निकाली निघाला. न्यायमूर्ती बर्टन यांनी त्याचा गाभा ग्राह्य धरला, पण नऊ मुद्द्यांवर आक्षेप नोंदवले. समुद्राची पातळी वीस फूट वाढायला हजारो वर्षे लागतील, ती नजीकच्या काळातली गोष्ट नव्हे, हा त्यांतलाच एक. त्याच आठवड्यात गोर यांना, आणि राजेंद्र पचौरी अध्यक्ष असलेल्या ‘आयपीसीसी’ला, शांततेचे नोबेल जाहीर झाले. तोवरचा वाद विज्ञान किती अचूक, यावरच होता.

दहा वर्षांनी वादाचा विषय बदलला. 2016 च्या ‘बिफोर द फ्लड’मध्ये अभिनेता लिओनार्डो डिकॅप्रिओ देशोदेशी फिरतो. समीक्षकांनी त्याची तळमळ मान्य केली. त्याच्या स्वतःच्या चैनीच्या राहणीवरही बोट ठेवले. पण खरा प्रश्न पर्यावरण अभ्यासक सुनीता नारायण यांनी त्याच्यासमोरच मांडला. एक अमेरिकन माणूस घरात वापरतो तेवढी वीज चौतीस भारतीय वापरतात. मग आधी कमी कोणी करायचे?

2017 मध्ये गोर यांचा दुसरा माहितीपट आला. त्यात माहितीपेक्षा गोरच अधिक दिसतात, अशी टीका झाली. त्यातही लक्षात राहतो तो प्रसंग आपल्याकडचाच. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले तत्कालीन ऊर्जामंत्री पीयूष गोयल गोर यांना ऐकवतात, की अमेरिकेने दीडशे वर्षे कोळसा जाळून प्रगती केली, मग भारतालाच घाई कशाला?

ही उत्तरे न्याय्य आहेत. पण ‘चौतीस भारतीय’ ही सरासरी आहे, आणि सरासरीत गावे दिसत नाहीत. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा 1999 पर्यंत भंडाऱ्याचाच तालुका होता. तेथे आज 3300 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथून निघालेली 765 केव्हीची वाहिनी कोराडी, अकोला मार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाते. दुसरीकडे, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याला 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना काढावी लागली. कोळशाची राख ज्या भागात पडते, त्याच भागातील धान उत्पादकाने रात्री मोटर सुरू करायला बांधावर जायचे, हा व्यवहार कोणत्याही माहितीपटात आलेला नाही.

पाऊस लहरी झाला, की पहिला फटका रोवणीला बसतो. मामा तलाव बांधणाऱ्यांना पावसाचा भरवसा नसतो हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी पाणी गावातच अडवले. नारायण यांनी अमेरिकेला विचारलेला प्रश्न लाखनीने मुंबई-पुण्याला विचारला, तर तो तितकाच रास्त ठरेल. अमेरिकेपुढे आपण सगळे ‘चौतीस’ असतो; घरात मात्र आपल्यातही एक आणि चौतीस आहेत.