पाठ टेकेपर्यंतची गोष्ट

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली भातखाचरे कापणीनंतर कोरडी पडतात आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. या जत्रांत पालखीइतकाच मान कुस्त्यांच्या फडाला असतो. फडाचा क्रम ठरलेला असतो. आधी लहान मुलांच्या, नारळावरच्या कुस्त्या. मग हळूहळू वय वाढते, वजन वाढते, पुकारलेली रक्कम वाढते आणि दिवस कलताना सर्वांत मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती लागते. हा क्रम कोणी लिहून ठेवलेला नाही. पण आरंभ कुठे करावा, उत्कंठा कशी चढवावी आणि सर्वांत मोठी घटना कोणत्या क्षणासाठी राखावी, याचे भान त्यात पुरेपूर आहे. मराठीत ‘फड’ हा शब्द कुस्तीला आणि तमाशाला सारखाच लागतो, हेही आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

कुस्तीला कथानक असते का, असा प्रश्न केला तर दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले असे, की खरी कुस्ती म्हणजे बळ आणि डाव. तिथे गोष्टीचा काय संबंध? दुसरे असे, की जिथे गोष्ट असते, म्हणजे ज्या व्यावसायिक फ्रीस्टाइल कुस्त्यांचे निकाल आधी ठरलेले असतात, तिथे कुस्तीच नसते. एकीकडे गोष्टीविना सत्य, दुसरीकडे सत्याविना गोष्ट, अशी ही सोयीची वाटणी आहे. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. एकाच मल्लाच्या तीन लढती शेजारी ठेवल्या तरी ते दिसून येईल.

हा मल्ल म्हणजे पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये ‘जॉन बुल’ पट्ट्यासाठी त्याची गामा पहिलवानाशी गाठ पडली. या लढतीत काहीही आधी ठरलेले नव्हते. एक मल्ल साम्राज्याच्या राजधानीत आलेला हिंदुस्थानी, दुसरा युरोपातला नामांकित जेता. म्हणजे नाट्याला लागणारी सारी सामग्री हजर होती. तरीही अडीच तासांहून अधिक चाललेल्या त्या लढतीने प्रेक्षकांना वैताग आणला. गामाचे बळ ओळखताच झिबिस्कोने पोटावर पडून गादीला चिकटून राहण्याचा मार्ग धरला. गामाला त्याला उलटता येईना, आणि त्याला तर काहीच करायचे नव्हते. लढत अनिर्णित राहिली. १७ सप्टेंबरला ती पुन्हा व्हायची होती, पण झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला.

ही लढत खरी होती, किंबहुना फार खरी होती. पण तिची गोष्ट झाली नाही. कारण गोष्टीला दोन इच्छा लागतात आणि त्यांची टक्कर लागते. एकाने जिंकण्यासाठी धडपडावे आणि दुसऱ्याने केवळ न हरण्यासाठी जमीन धरून बसावे, यात काळ पुढे सरकतो, घटना सरकत नाही. लंडनच्या प्रेक्षकांनी केलेली हुर्यो ही एका परीने कथनशास्त्रीय तक्रारच होती.

दुसरी लढत १५ एप्रिल १९२५ ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामधली. तोवर तिथल्या व्यावसायिक कुस्तीचे निकाल आयोजकांच्या हाती गेले होते. नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉलपटू वेन मन् याला त्याच वर्षी जानेवारीत ‘स्ट्रँगलर’ लुईसवर ठरवून विजय मिळवून देण्यात आला होता. धिप्पाड, तरुण, लोकप्रिय असा हा नवा नायक कुस्ती मात्र जेमतेमच जाणत होता. चाळिशी ओलांडलेल्या झिबिस्कोने त्याच्यापुढे हरायचे, असे ठरले होते. प्रत्यक्षात झिबिस्को प्रतिस्पर्धी गटाला आतून मिळालेला होता. त्याने मन् ला पुन्हा पुन्हा गादीवर लोळवले. पंचाला त्याला विजयी घोषित करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. लिहून दिलेले वाक्य बाजूला सारून पात्राने आपलेच वाक्य उच्चारावे, तसा हा प्रकार होता. यातून आयोजकांनी धडा घेतला, की जेतेपद मिरवणारा माणूस उत्तम नट असून भागत नाही. समोरच्याने करार मोडला तर खरी कुस्ती करून ते राखण्याची ताकदही त्याच्यात हवी.

तिसरी लढत जानेवारी १९२८ मधली, पतियाळाची. महाराजा भूपिंदरसिंगांच्या आश्रयाखाली गामा आणि झिबिस्को पुन्हा समोरासमोर आले. ही लढत मिनिटभरही चालली नाही. गामाने त्याला चीत केले. कुस्ती म्हणून पाहिली तर तीत कथानक उलगडायला वेळच नव्हता. पण पाहणारे लोक अठरा वर्षांची गोष्ट मनात घेऊन आले होते. लंडनमध्ये अर्धवट राहिलेले वाक्य पतियाळात पूर्ण झाले. तिन्ही लढतींचा मिळून अर्थ असा निघतो : गोष्ट आखाड्यात असेलच असे नाही, पण ती पाहणाऱ्यापाशी असावी लागते. ती घडवणारा कधी आयोजक असतो, कधी मल्ल, तर कधी नुसता काळ.

व्यावसायिक कुस्तीच्या व्यवहारात ‘रिंगचे मानसशास्त्र’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. वरवर पाहता ते मल्लाचे मानसशास्त्र वाटते. खरे तर ते प्रेक्षकाचे असते. कोणत्या क्षणी काय केले असता पाहणाऱ्याचा विश्वास बसेल आणि त्याची उत्कंठा टिकेल, याचे हे ज्ञान आहे. त्याचा पहिला नियम कार्यकारणभावाचा. पाचव्या मिनिटाला नायकाचा गुडघा दुखावला असेल, तर पंधराव्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्याला उचलताना तो गुडघा त्याला दगा देणार, आणि जिंकल्यानंतरही तो लंगडतच रिंगबाहेर जाणार. जो मल्ल ही दुखापत विसरतो, त्याची गोष्ट प्रेक्षकही विसरतो. दुसरा नियम काटकसरीचा. मोठा डाव वारंवार टाकला की स्वस्त होतो; म्हणून तो राखून ठेवायचा. तिसरा नियम ओळखीचा. एखादा डाव एखाद्या मल्लाच्या नावाशी जोडला जातो आणि ध्रुपदासारखा परत येतो. तो लागणार असे दिसले, की लोक निकालाआधीच उठून उभे राहतात.

संस्कृत नाट्यशास्त्र शिकलेल्या वाचकाला यात ओळखीचे काही आढळेल. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या कार्याच्या पाच अवस्था भरताने सांगितल्या आहेत. जेतेपदाच्या लढतीची घडण साधारण अशीच असते. आधी नायकाचे कौशल्य दिसते, मग प्रतिनायक, बहुधा कपटाने, वर चढतो आणि नायकाची धडपड सुरू होते, मध्येच नायक सुटतोसा वाटतो आणि पुन्हा सापडतो, मग अडसर दूर होऊन यश नक्की होते, शेवटी फळ. यांतली प्राप्त्याशा सर्वांत नाजूक. आशा दाखवायची, पण पुरवायची नाही. ती फार लवकर दाखवली तर कोणाला गरज वाटत नाही. फार उशिरा दाखवली तर लोकांनी नायकाला सोडून दिलेले असते. अमेरिकी आयोजकांनी भरत वाचला होता असे आम्हांला सुचवायचे नाही. हजारोंच्या समुदायाला एकत्र बसवून एका निर्णयाकडे न्यायचे म्हटले, की वाटेतली ठाणी फारशी वेगळी असू शकत नाहीत, एवढेच यातून दिसते.

ही कला आपल्याकडे मुंबईत बहरली. कर्जत-खालापूरला मुंबई कधीच परकी नव्हती. कल्याणकडून खोपोलीपर्यंतची रेल्वे १८५६ साली झाली, १८६३ साली बोरघाटही चढली. तेव्हापासून या पट्ट्यातली माणसे आणि मुंबईतल्या बातम्या एकाच गाडीने ये-जा करत आल्या. मुंबईत १९५४ साली टायगर जोगिंदरसिंगला हरवून दारासिंग ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले. पुढे अवाढव्य देहाच्या किंगकाँगशी, म्हणजे एमिल झायाशी, त्यांच्या झालेल्या लढतींनी दोघांची नावे घरोघरी पोचवली. देखणा, संयमी देशी नायक आणि परदेशातून आलेला राक्षसी प्रतिनायक, ही मांडणी नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला समजावून सांगावी लागत नव्हती. पुराणकथांनी ती आधीच समजावली होती.

पण या परंपरेतली सर्वांत विचार करण्याजोगी लढत २९ मे १९६८ ची, मुंबईतलीच. जागतिक जेतेपदाच्या या लढतीत दारासिंगांनी लू थेझला हरवले. दारासिंग तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते, थेझ बावन्न वर्षांचा. थेझ हा राक्षस नव्हता. अमेरिकेत अनेकदा जेतेपद भूषवलेला, अस्सल कुस्तीची विद्या कसून शिकलेला असा तो मल्ल होता. नुसत्या नटव्या मल्लांविषयी त्याला आदर नव्हता. अशा माणसाने पराभूत होण्याला या व्यवसायात वेगळा अर्थ असतो. तो हरतो तेव्हा समोरच्याला आपली सही देतो. दारासिंग हे खरे कुस्तीगीर असल्याने त्यांच्याकडून हरण्यात आपल्याला काही वावगे वाटले नाही, अशा आशयाचा निर्वाळा त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात दिला. किंगकाँगविरुद्धची गोष्ट सुष्ट-दुष्टांची होती. ही गोष्ट मात्र वारशाची होती. एका वृद्ध गवयाने भर मैफलीत दुसऱ्याच्या हाती तंबोरा द्यावा तशी. १९२५ साली करार मोडून झिबिस्कोने जे सिद्ध केले, तेच थेझने करार पाळून सिद्ध केले : ठरलेल्या गोष्टीच्या मुळाशीही खऱ्या विद्येचे तारण लागते.

येथे रोलाँ बार्थची आठवण अपरिहार्य आहे. १९५२ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ मध्ये समाविष्ट झालेल्या निबंधात त्याने फ्रेंच व्यावसायिक कुस्तीला खेळ न मानता प्रयोग मानले. त्याच्या मते मुष्टियुद्ध ही प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत रचत जाणारी कथा असते, तर कुस्तीत प्रत्येक क्षण आपल्यापुरता पूर्ण आणि तत्काळ वाचता येईल असा असतो. त्यात वेदना, पराभव आणि न्याय यांची चिन्हे ठळकपणे समोर ठेवली जातात. बार्थचे निरीक्षण मार्मिक आहे, पण जेतेपदाच्या लढतीला ते अपुरे पडते, असे आमचे मत आहे. दुखावलेला गुडघा हे क्षणाचे चिन्ह नाही, ती स्मृती आहे. थेझचा पराभव समजण्यासाठी त्याची तीस वर्षांची कारकीर्द ठाऊक असावी लागते. बार्थच्या पॅरिसमधल्या प्रेक्षकाला कदाचित फक्त चिन्हे हवी होती. आपल्या प्रेक्षकाला वंशावळही हवी असते : हा कोणाचा पठ्ठा, वस्ताद कोण, मागल्या वर्षी कोणाशी बरोबरीत सुटली होती?

आता मातीकडे वळू. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेले, १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान पाहिले, तर ते या प्रेक्षकासाठीच घडवले आहे हे जाणवते. मधला हौदा सर्वांना दिसावा अशी त्याची उतरती बैठक आहे. तिथली कुस्ती निकाली असे, म्हणजे पाठ टेकेपर्यंतची. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचा मान दिला जाऊ लागला. माती आणि गादी अशा दोन विभागांतले विजेते अखेरीस एकमेकांना भिडू लागले. गादीबरोबर गुण आले, घड्याळ आले. गुणांची पद्धत न्याय्य आहे. झिबिस्कोसारखे पडून राहणाऱ्याला तीत सोय नाही. पण तिने गोष्टीचा प्रकार बदलला. निकाली कुस्तीत शेवटच्या क्षणापर्यंत सारे उलटू शकते. गुणांच्या कुस्तीत शेवट साठत जातो. एक लघुकथेसारखी असते, दुसरी हिशेबाच्या वहीसारखी.

अशा वेळी सारा भार पंचावर येतो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाठ टेकली की नाही यावरून वाद पेटला, पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली, अंतिम लढतही अर्धवट सुटली, आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता की चूक, या वादात आम्ही शिरत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. ठरलेल्या कुस्तीत पंच हे कथेतलेच एक पात्र असते. त्याने चुकणेही लिहिलेले असते. खऱ्या कुस्तीत तो कथेचा पहिला वाचक असतो आणि त्याचे वाचन अखेरचे मानावे लागते. या वाचनावरचा विश्वास उडाला की खऱ्या लढतीलाही लोक ‘नुरा कुस्ती’ म्हणू लागतात. गोष्ट खोटी असल्याने विश्वास जातो असे नाही. विश्वास गेल्यावर खरी गोष्टही खोटी वाटू लागते.

साहित्याच्या वर्गात कथानक, उत्कंठा आणि विश्वसनीयता या संज्ञा आपण परक्या कादंबऱ्यांच्या आधाराने शिकवतो आणि मुलांचे चेहरे कोरे राहतात. कर्जत-खोपोलीच्या महाविद्यालयांत येणाऱ्या कित्येक मुलांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून फड पाहिलेला असतो. कोणती जोड रंगेल, कोणती पडून राहील, कोणी डाव राखून ठेवला आहे आणि कोण नुसता वेळ काढतो आहे, हे त्यांना न सांगता कळते. हे वाचनच आहे. त्याला पाठ्यपुस्तकातली नावे द्यायची तेवढी बाकी आहेत, आणि ते काम शिकवणाऱ्यांचे आहे.