राख, बर्फ आणि डांबर

डिसेंबर लागला की अमेरिकेत घरोघरी पत्र्याचे डबे माळ्यावरून खाली येतात. आत मेणकागद अंथरायचा, थरावर थर लावून कुकीज भरायच्या आणि शेजाऱ्यांना, मुलांच्या शिक्षकांना, नात्यागोत्यात वाटायच्या. डबा उघडल्यावर मुलांचा हात आधी जातो तो भोवऱ्याच्या कुकीकडे. मधल्या ठिपक्यापासून गरगरत कडेपर्यंत गेलेली लाल-पांढरी रेघ, कधी त्यात हिरवी, आणि काठाला चिकटलेले साखरेचे रंगीत दाणे. देणारी बाई ‘आमच्या आजीची कृती’ म्हणून सांगते, आणि ते खरंही असतं. पण त्या आजीच्या आजीला विचारलं असतं तर तिला ही कुकी ओळखू आली नसती. लोणी, साखर, मैदा तिच्याकडे होतं. या कुकीला लागणाऱ्या बाकीच्या तीन गोष्टी स्वयंपाकघराबाहेरून आल्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या काळात.

त्यांतली सगळ्यात जुनी म्हणजे राख. १७९६ साली कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड इथे ‘अमेरिकन कुकरी’ नावाचं लहानसं पुस्तक निघालं. लेखिका अमेलिया सिमन्स. स्वतःची ओळख तिने मुखपृष्ठावर दिली ती ‘अमेरिकी अनाथ’ अशी. याहून जास्त तिच्याबद्दल फारसं हाती लागत नाही. तोवर त्या देशात इंग्लंडची पाकपुस्तकं पुन्हा छापून विकली जात. अमेरिकी माणसाने लिहिलेलं म्हणून माहीत असलेलं पहिलं पाकपुस्तक हेच. त्यात नाताळच्या कुकीची कृती आहे: तीन पौंड मैदा, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर आणि चहाचा कप भरून धन्याची बारीक पूड. होय, धन्याची. आपल्या फोडणीच्या डब्याशेजारी बसणारा हा मसाला तिथे गोडात पडत होता. पाऊण इंच जाड लाटायचं, हव्या त्या आकारात कापायचं, मंद आचेवर भाजायचं. कुकी सुरुवातीला कडक लागेल, पण मातीच्या भांड्यात घालून तळघरात ठेवली तर सहा महिन्यांनी मऊ आणि जास्त चांगली लागते, असंही बाईंनी सांगून ठेवलंय. भेट म्हणून कुकीच का पुढे आली याचं उत्तर मला या एका सूचनेत दिसतं. ताजा केक लवकर शिळा होतो. कमी पाण्याची, जास्त साखरेची ही वस्तू मात्र आठवडाआधी करून ठेवता येते, डब्यात घालून दूरगावी धाडता येते.

या कृतीत तीन चमचे ‘पर्ल अ‍ॅश’ दुधात विरघळवून घालायला सांगितलंय. ही राखच. लाकडाच्या राखेतून पाणी झिरपवायचं, ते पाणी लोखंडी कढईत आटवायचं, उरलेला काळपट खार भट्टीत भाजून पांढरा करायचा. आपल्या पापडखाराच्या जातीचाच हा पदार्थ. आंबट काही लागलं की तो वायू सोडतो आणि पीठ हलकं होतं. तेव्हा वसाहतकरी जंगलं तोडून शेतं काढत होते आणि जाळलेल्या लाकडाची राख हे शेतकऱ्याचं पहिलं रोख पीक होतं. काच आणि साबणाच्या कारखान्यांना ती हवी असे. अमेरिकेचं अगदी पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९०चं, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सहीचं, मिळालं ते सॅम्युएल हॉपकिन्स यांना, राखेपासून हा खार काढण्याच्या सुधारित पद्धतीसाठी. सहाच वर्षांत तो खार सिमन्सबाईंच्या पुस्तकात आला. पुढे सोडा आला, आणि १८५६ साली एबेन हॉर्सफर्ड यांनी ज्याच्यावर आजची बेकिंग पावडर उभी आहे त्या कोरड्या फॉस्फेट आम्लाचं पेटंट घेतलं.

वाटण्याची रीत मात्र मुख्यतः जर्मन. नाताळात प्रत्येक मुलासमोर बिस्किटं, सुकामेवा आणि फळं मांडलेली ‘रंगीबेरंगी ताटली’ ठेवायची चाल जर्मन घरांत आजही आहे. कोरीव लाकडी साच्यांत दाबून उठावाची बिस्किटं करणं हेही त्यांचंच. पेनसिल्व्हानियात आलेल्या जर्मनांनी ही रीत सोबत आणली.

आता बर्फ, कारण भोवरा त्याचाच.

भोवरा कसा होतो ते चिरोटे करणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. दोन रंगांच्या पातळ पोळ्या एकावर एक ठेवायच्या, घट्ट वळकटी करायची आणि काप काढायचे. इथवर दोन्ही एकच, गुलाबी-पांढऱ्या चिरोट्याला तर ही कुकी सख्खी बहीण वाटेल. पण हेतू उलटा आहे. चिरोट्यात तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतात तो पदर तळताना सुटावेत म्हणून. कुकीत पदर सुटला तर काम बिघडलं. रंग एकमेकांना चिकटून राहायला हवेत. चिरोट्याची पारी पाण्यात भिजवलेली, चिवट असते, म्हणून वळकटी धरून बसते. कुकीच्या पिठात पाणी जवळजवळ नाही, लोणी भरपूर. असं पीठ खोलीच्या उबेत वळायला गेलं तर पाटाला चिकटतं, तुटतं, आणि सुरी लावताच काप चेपून रंग एकमेकांत फासले जातात. लोणी बत्तिसेक अंश सेल्सियसच्या पुढे वितळतं, विसाच्या आसपासच मऊ पडतं. चार-पाच अंशांवर मात्र तीच वळकटी लाकडासारखी टणक होते आणि काप नितळ निघतो. तरी वळकटी ज्या बाजूवर ठेवली ती बाजू सपाट होतेच, म्हणून गार होत असताना मधूनमधून फिरवत राहायचं, आणि कापतानाही दर कापामागे थोडी वळवायची. म्हणजे या कुकीचं अर्धं कौशल्य थांबण्यात आहे.

लोण्याला गारवा देण्याची ही धडपड जुनी आहे. मेरिलँडमधला थॉमस मूर नावाचा शेतकरी जॉर्जटाउनच्या बाजारात लोणी विकायचा. त्याने १८०२च्या सुमारास देवदारी लाकडाची लंबगोल पिंपासारखी पेटी केली, आत पत्र्याचा डबा, मधल्या जागेत बर्फ आणि बाहेरून सशाच्या कातड्याचं अस्तर. शेजारच्यांचं लोणी उन्हात पातळ होत असताना याच्या टणक वड्यांना गिऱ्हाईक जास्त पैसे मोजत. या पेटीला त्याने नाव दिलं ‘रेफ्रिजरेटर’, आणि १८०३ साली पेटंटही घेतलं. ही पेटी लोण्यासाठी जन्माला आली, ही गोष्ट मला फार आवडते.

त्याच काळात बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजांनी विकू लागला. १८३३ साली त्याचं ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्यात पोचलं तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता. लगोलग मुंबईतही अमेरिकी बर्फ उतरला, तो साठवायला बर्फघर बांधलं गेलं, आणि जमशेटजी जीजीभाईंच्या मेजवानीत आइस्क्रीम आलं. मद्रासचं बर्फघर तर आजही उभं आहे. विवेकानंद तिथे राहिले म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. या व्यापाराने बर्फ इतका स्वस्त केला की अमेरिकी शहरांत मध्यमवर्गीय घरीही बर्फाची लाकडी पेटी आली आणि रोज सकाळी बर्फवाला दारात येऊ लागला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासून पाककृतींत ‘आइसबॉक्स कुकीज’ दिसू लागतात: पीठ वळा, पेटीत ठेवा, पाहुणे आले की हवे तेवढे काप काढून भाजा. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिकचा डोक्यावर गोल यंत्र असलेला फ्रिज बाजारात आला. फ्रिज विकणाऱ्या कंपन्या सोबत पाककृतींच्या पुस्तिका देत, कारण या महागड्या कपाटात दूध-मांसापलीकडे काय ठेवायचं हे गिऱ्हाइकाला दाखवणं भाग होतं. त्याच लाटेवर भोवऱ्याची कुकी घरोघर पोचली, आधी चॉकलेट आणि पांढरी अशी. ती थंडी विकणाऱ्यांच्या सोयीची होती खरी, पण तिला सणाची केलं ते बायकांनी.

लाल-हिरवा भोवरा यायला डांबर लागलं. जुन्या हलवायांकडे लाल रंग कोचिनील किड्यांचा, पिवळा केशराचा, हिरवा पालकाच्या रसाचा. पण स्वस्त मिठाईत सर्रास शेंदूर, शिसं, तांबं आणि आर्सेनिकचे क्षार पडत. फ्रेडरिक अ‍ॅकम यांनी १८२० साली लंडनमध्ये या विषांवर पुस्तक लिहून खळबळ उडवली. मग १८५६ उजाडलं, हॉर्सफर्ड यांच्या पेटंटचंच साल. अठरा वर्षांचा विल्यम पर्किन लंडनच्या घरी दगडी कोळशाच्या डांबरातून हिवतापावरचं क्विनीन करू पाहत होता. क्विनीन झालं नाही, जांभळा रंग झाला. पाठोपाठ डांबरातून शेकडो रंग निघाले, आणि एखादा थेंब किलोभर पीठ रंगवील इतके ते गडद होते.

त्यांतला कोणता पोटात जावा हे ठरवायला पन्नास वर्षं लागली. अमेरिकेत १९०६चा अन्नशुद्धीचा कायदा झाल्यावर बर्नहार्ड हेसे या रसायनतज्ज्ञाने बाजारातले ऐंशीएक रंग तपासून फक्त सात ठेवले. तेही एकेक करून गळाले. १९५०च्या हॅलोवीनला नारिंगी मिठाई खाऊन मुलं आजारी पडली आणि पुढे नारिंगी गेला, १९७६ मध्ये अमरांथ लाल, आणि जानेवारी २०२५ मध्ये एरिथ्रोसीन लाल. सातांतला एकच उरलाय: इंडिगो कार्मीन, म्हणजे गंधकाम्लात विरघळवलेली आपली नीळ. भारतात आज आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. किराणा दुकानातल्या ‘खायच्या रंगा’च्या डबीवर नावं बारीक छापलेली असतात; भेट मुलांच्या हाती जाणार असेल तर ती वाचायलाच हवीत.

डांबर नको म्हणून हळद, बीट, पालक, कोबी यांकडे वळणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे, आणि तिथे पुन्हा गाठ पडते ती खाराशी. पिठात सोडा जास्त झाला की हळदीचा पिवळा तांबूस होतो, हळकुंडाचं कुंकू करतानाची हीच किमया. लाल कोबीचा जांभळा निळसर-हिरवा पडतो. बीट तर भट्टीच्या उष्णतेनेच तपकिरी होतं. म्हणून अशा कुकीत सोडा टाळावा, बेकिंग पावडरही बेताचीच घालावी, लाल-गुलाबी पोळीत लिंबाचे दोन थेंब पिळावेत. पालकाचं मात्र उलट आहे: त्याच्या पोळीत लिंबू पडू देऊ नये, चिमूटभर सोडा घातला तर हिरवा रंग भाजल्यावरही टिकतो.