शिकागोच्या एका महिला महाविद्यालयातील मंडळे



शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की आम्हां शिक्षकांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "सर, नाटकात काम करून आमच्या मुलीला दोन मार्क जास्त मिळणार आहेत का?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पोटाला चिमटा घेऊन जो फी भरतो, त्याला हिशेब विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणूनच हा प्रश्न हसण्यावारी न नेता त्याचे उत्तर इतिहासात शोधावे असे वाटले. त्यासाठी मी आपणांस थोडे दूर, अमेरिकेतील शिकागो शहरी नेणार आहे.

अमेरिकेतील कॅथलिक समाज हा एके काळी बहुतांशी बाहेरून आलेल्या गरीब लोकांचा समाज होता. आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन अशी ही कष्टकरी माणसे. मुलींसाठी जोगिणींच्या शाळा पुष्कळ होत्या, पण पदवीपर्यंतचे शिक्षण मिळायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. मेरीलँडमधील नोत्र दाम महाविद्यालयाने १८९९ साली मुलींना चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची बी.ए. पदवी दिली. कॅथलिक महिला महाविद्यालयाने अशी पदवी देण्याचा तो अमेरिकेतील पहिला प्रसंग.

आता शिकागोकडे वळू. तेथील कार्डिनल जॉर्ज मंडलाइन यांच्या इच्छेवरून 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द ब्लेसेड व्हर्जिन मेरी' या जोगिणींच्या संघाने मुलींसाठी महाविद्यालय काढण्याचे ठरविले. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, बँका बुडू लागल्या, आणि नेमक्या त्याच सुमारास या बांधकामाचा आरंभ झाला. दुसरा कोणी असता तर हात आखडता घेता. परंतु सिस्टर मेरी जस्टिशिया कॉफी यांनी काम थांबू दिले नाही. मिशिगन सरोवराच्या काठी चौदा-पंधरा मजली इमारत उभी राहिली आणि १९३० च्या सप्टेंबरात मंडलाइन महाविद्यालय सुरू झाले. वर्ग, ग्रंथालय, सभागृह, सारे त्या एकाच उंच इमारतीत! पुढे मुलींनी आपल्या वृत्तपत्राचे नावच 'द स्कायस्क्रेपर' म्हणजे गगनचुंबी असे ठेवले. येथील बहुसंख्य मुली शहरातल्या साध्या घरांतल्या. सकाळी ट्रामने वा आगगाडीने यायचे आणि सायंकाळी घरी परतायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळातील अशा महाविद्यालयांत वर्गाबाहेरच्या शिक्षणासाठी बहुधा तीन मंडळे असत : वाङ्मय मंडळ, अभिजात भाषा मंडळ आणि नाट्यमंडळ.

वाङ्मय मंडळाची ओळख आपणांस करून द्यायला नको. निबंध वाचावेत, कवितांवर चर्चा करावी, नियतकालिक काढावे. आपल्याकडे बैतबाजी रंगते किंवा हस्तलिखित निघते, त्याच जातीचा हा प्रकार. पण अशा मंडळाला कोणी कमी लेखू नये. अमेरिकेत 'फाय बीटा कॅपा' नावाचा विद्वत्तेचा मोठा मान आहे. त्याचा उगम १७७६ साली व्हर्जिनियातील एका महाविद्यालयात काही विद्यार्थ्यांनी वादविवादासाठी स्थापन केलेल्या छोट्या मंडळात आहे. या संस्थेची शाखा मिळविणारी पहिली कॅथलिक संस्था कोणती ठरली? पुरुषांचे जुने नामांकित विद्यापीठ नव्हे, तर मिनेसोटातील सेंट कॅथरिन हे महिला महाविद्यालय! साल होते १९३७.

अभिजात भाषा मंडळ म्हणजे लॅटिन आणि ग्रीक यांचे मंडळ. आपल्याकडे संस्कृत, अरबी, फारसी यांना जे स्थान, ते तिकडे या भाषांना. कॅथलिक चर्चची उपासना त्या काळी लॅटिनमध्येच चाले. तरीही "मुलींना कुठे धर्मगुरू व्हायचे आहे? त्यांना लॅटिन कशाला?" असा विचार पूर्वी सर्रास केला जाई. मुलींना भरतकाम, संगीत आणि थोडे फ्रेंच आले की पुरे. तेव्हा मुलींनी एकत्र बसून व्हर्जिल वाचणे याला विशेष अर्थ होता. योगायोग असा की मंडलाइन उघडले त्याच १९३० साली व्हर्जिलच्या जन्माला दोन हजार वर्षे झाली म्हणून ठिकठिकाणी उत्सव झाले. त्याचा जन्म इसवी सनपूर्व ७० मधला, आणि कालगणनेत शून्य हे वर्ष नसल्याने खरी दोन हजार वर्षे १९३१ मध्ये भरत होती. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) उपासना लोकभाषांत होऊ लागली आणि लॅटिनचा वर्गातील जोरही ओसरला.

आता नाट्यमंडळ. मंडलाइनच्या नाट्यमंडळाचे नाव 'लेतारे प्लेअर्स'. 'लेतारे' हा लॅटिन शब्द. अर्थ 'आनंद कर'. म्हणजे अभिजात भाषा आणि रंगभूमी यांचा संगम नावातच झालेला! महिला महाविद्यालयातील नाटकाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. नेपथ्य, प्रकाशयोजना, तिकीटविक्री, हिशेब, सारे मुलींनाच करावे लागे आणि पुष्कळदा पुरुषांच्या भूमिकाही. अध्यक्ष मुलगी, चिटणीस मुलगी, खजिनदारही मुलगीच. "हे काम दादाला सांगा," असे म्हणायची सोयच नव्हती.

याच महाविद्यालयात सामूहिक काव्यवाचनाचे पथक होते. अनेकींनी एका सुरात, एका श्वासात कविता म्हणायची, असा हा प्रकार. त्या पथकात मर्सिडीज मॅकेंब्रिज नावाची आयरिश वंशाची एक मुलगी होती. शिकत असतानाच तिचा आवाज रेडिओवर पोहोचला. १९३७ साली ती पदवीधर झाली, आणि 'ऑल द किंग्ज मेन' या १९४९ च्या चित्रपटातील भूमिकेसाठी तिला साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. पण वाचकहो, मला तिचे ऑस्कर सांगायचे नाही. त्या पथकात तिच्याशेजारी उभ्या असलेल्या इतर मुली नटी झाल्या नाहीत. परंतु श्वास सांभाळून, शब्द स्पष्ट उच्चारून, चारचौघांत न घाबरता बोलण्याचा सराव त्यांनाही तितकाच मिळाला. शिक्षिकेला, परिचारिकेला, मुलांच्या आईला हा सराव उपयोगी पडत नाही असे कोण म्हणेल?

१९९१ साली मंडलाइन महाविद्यालय शेजारच्या लॉयोला विद्यापीठात विलीन झाले. स्वतंत्र नाव संपले. परंतु तेथील कागदपत्रे नष्ट झाली नाहीत. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या, स्त्रिया आणि नेतृत्व या विषयाला वाहिलेल्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात ती जपून ठेवली आहेत. महाविद्यालय बंद झाले, तरी त्या मुलींनी काय केले हे आज कोणालाही पाहता येते.

तेव्हा पालकांना उत्तर एवढेच, की मार्क गुणपत्रिकेवर उमटतात आणि मंडळात मिळवलेले धैर्य मुलीच्या बोलण्यात उमटते. तिला दोन्हींची गरज आहे. आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. या वर्षी आपल्या वाङ्मय मंडळाच्या प्रत्येक सभेचे इतिवृत्त लिहा. तारीख घाला, कोण काय बोलले ते नोंदवा, नाटकाची कार्यक्रमपत्रिका त्यात चिकटवा आणि वही ग्रंथालयात जमा करा. पन्नास वर्षांनी कोणी आपला इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला कोरे कपाट सापडू नये.